नानांची निळी कार्डं

कार्ड कुठे कुठे हरवतं, हे मला विचारावं. सेरंगून रोडवरच्या एका जुन्या शॉपिंग सेंटरच्या दुसऱ्या मजल्यावर, एका बाजूला साडीवाला आणि दुसऱ्या बाजूला घड्याळं दुरुस्त करणारा, यांच्यामध्ये आमचं फोटोचं आणि कागदपत्रांचं दुकान होतं. माझी उमेदीची सगळी वर्षं तिथे गेली. मालकीण तमिळ, तिला सगळे अक्का म्हणत. मी सांगलीची. नवऱ्याच्या नोकरीमागे सिंगापूरला आले आणि घरात बसून कंटाळा आला म्हणून अक्काकडे अर्ज भरायला लागले. तात्पुरती म्हणून लागले होते. दुकान या वर्षी बंद झालं तेव्हा सगळ्यात शेवटी बाहेर पडणारी मीच होते.

ज्यांना इथली व्यवस्था ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नोकरीसाठी आलेल्या माणसाला आधी पास मिळतो. पुढे सरकारच्या मनात आलं तर त्याला कायम राहण्याची परवानगी मिळते, आणि तिच्याबरोबर एक निळं ओळखपत्र. नागरिकाचं गुलाबी असतं. बँक, दवाखाना, फोनचं कनेक्शन, काँडोच्या, म्हणजे खाजगी सोसायटीच्या, फाटकावरचा वॉचमन, सगळीकडे त्याच्यावरचा नंबर लागतो. आता ते मोबाईलमध्येही दिसतं, पण आपली माणसं मूळ प्लास्टिकचं कार्ड अंगावर बाळगतात आणि म्हणूनच हरवतात. हरवलं की दोन आठवड्यांच्या आत इमिग्रेशनला कळवायचं, नवीन फोटो द्यायचा, फी भरायची. पुन्हा हरवलं तर फी वाढते, आणि आणखी काही झालं तर कसं झालं हे नीट लिहून द्यावं लागतं. हे सगळं घरबसल्या ऑनलाइन होतं. मग आमच्याकडे कोण येणार, असं तुम्ही म्हणाल. ज्यांचे फोटो तीन-तीनदा परत यायचे ते यायचे. चष्म्यावर उजेड, कानावर केस, मागे भिंतीवर सावली. कॉम्प्युटर फोटो परत करतो, पण काय चुकलं हे त्याच्या भाषेत सांगतो. मी मराठीत सांगायचे, आणि जरा ओरडून.

आपल्या लोकांच्या तऱ्हा तर विचारू नका. इथे हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या आवारात, जेवण आणायला जाताना टेबल अडवायचं असेल तर त्यावर टिश्यूचं पाकीट ठेवतात. पुण्याहून आलेले एक बँकेतले गृहस्थ, निळं कार्ड मिळून आठवडासुद्धा झाला नव्हता, टिश्यू जवळ नाही म्हणून त्यांनी टेबलावर कार्ड ठेवलं. नूडल्स घेऊन परत येईपर्यंत साफसफाईच्या आजोबांनी टेबल लख्ख पुसून ठेवलेलं. एका बाईंनी लक्ष्मीपूजनाला दागिन्यांबरोबर घरातल्या सगळ्यांची कार्डं पाटावर मांडली आणि हळदकुंकू वाहिलं. कुंकवाचे डाग राहिले म्हणून दुसऱ्या दिवशी नेलपॉलिश काढायच्या औषधाने पुसलं. कुंकू गेलं आणि नवऱ्याचा चेहराही धुरकट झाला. त्या मला विचारत होत्या, कारणात काय लिहू? मी म्हटलं, जे झालं तेच लिहा, खोटं लिहिलं की अडकतो. त्यांनी इंग्रजीत 'फेस्टिवल' एवढाच शब्द लिहिला आणि ते चाललंसुद्धा.

असे किस्से सांगून मी दर दिवाळीला इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात टाळ्या घेतल्या आहेत. नानांचं मात्र तिथे कधी सांगितलं नाही. ते सांगायला लागले की माझा आवाज बदलतो, आणि लोक फराळाला आलेले असतात.

नाना मिरजेचे. तंबोऱ्याच्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला. त्यांच्याकडे जवारीचं काम होतं. तंबोऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या घोडीवरून जातात, तिचा वरचा भाग कानशीने आणि मग पॉलिश पेपरने इतका हलका घासायचा की तार नुसती वाजू नये, घुमावी. एक हात जास्त फिरला की सगळं बिघडतं. हे सगळं त्यांनी मला पहिल्याच भेटीत, फोटोसाठी स्टुलावर बसल्या बसल्या सांगितलं. मी सांगलीची म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला की फोटो परत येणार हे मला तिथेच कळलं. फोटोत हसायचं नसतं.

त्यांचा मुलगा शिरीष बँकेत आयटीत होता. बरीच वर्षं इथे राहून तो नागरिक झाला होता. बिशान भागात वरच्या मजल्यावर फ्लॅट, बायको, शाळेत जाणारी मुलगी इरा. आई गेल्यावर नाना मिरजेला एकटे पडले, तेव्हा शिरीषने त्यांना इकडे कायमचं आणायचं ठरवलं. म्हाताऱ्या आईवडिलांना अशी परवानगी सहजासहजी मिळत नाही. त्याचा अर्ज नामंजूर झाला, त्याने पुन्हा केला, पुन्हा नामंजूर झाला. ते अर्ज माझ्या हाताखालून गेले होते म्हणून मला माहीत आहे. शेवटी मंजुरीचं पत्र आलं तेव्हा तो आमच्या दुकानात पेढे घेऊन आला होता. अक्काला त्याने वाकून नमस्कार केला. एवढा मोठा ऑफिसर, डोळे पुसत होता.

आणि त्या एवढ्या मेहनतीने मिळालेलं कार्ड नानांनी वर्षाच्या आत हरवलं.

शिरीष त्यांना घेऊन आला तेव्हा जरा ओशाळलेला होता, बाकी काही नाही. मी चार गोष्टी सुनावल्या, फोटो काढला, अर्ज भरला. इमिग्रेशनच्या ऑफिसात बोटांचे ठसे घ्यायला मीही बरोबर गेले, कारण नानांचं इंग्रजी यथातथाच आणि शिरीषला मीटिंग होती. काउंटरवरची मलय मुलगी फार गोड होती. "अंकल, प्रेस हार्डर," असं म्हणत तिने नानांचा अंगठा पुन्हा पुन्हा काचेवर दाबला. यंत्राला काही सापडेना. बोटांवरच्या रेषा कानशीने केव्हाच नेल्या होत्या. शेवटी यंत्राने डोळ्यांची खूण घेतली आणि काम भागलं. बाहेर आल्यावर नाना अंगठा बघत म्हणाले, "बघा, हितं ठसा उठत न्हाई आपला." मी हसले. ते हसले नव्हते, हे मला नंतर आठवलं.

काही महिन्यांनी दुसरं कार्ड हरवलं. या वेळी शिरीषचा चेहरा वेगळा होता. इरा बरोबर होती, ती स्टुलावर गोल गोल फिरत इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "आजोबा ऑल्वेज लूज थिंग्ज लाह." शिरीष तिच्यावर एकदम खेकसला. मग नाना फोटोच्या खोलीत गेल्यावर त्याने मला हळू आवाजात सांगितलं की तो त्यांना विस्मरणाच्या तपासणीसाठी डॉक्टरांकडे नेतोय. गॅस चालू ठेवला तर काय, रस्ता चुकले तर काय, या काळजीने त्याची झोप उडाली होती. मी त्याला धीर दिला. खरं तर नाना मला मागच्या भेटीतली प्रत्येक गोष्ट सांगत होते, मी कुठली साडी नेसले होते तीसुद्धा. पण विस्मरण असंच असतं, जुनं आठवतं आणि हातातलं विसरतं, असं आपण ऐकलेलं असतं. मीही तेच धरून चालले.

तपासणीत डॉक्टरांना ठोस काही सापडलं नाही, तरी त्यानंतर नानांचं बाहेर जाणं बंद झालं. म्हणजे कोणी कोंडलं नव्हतं, उगाच कोणाला दोष द्यायला नको. सून शहाणी होती, त्यांच्या पथ्याचं सगळं बघायची. फक्त सकाळी खाली बागेत एकट्याने जायचं नाही, बरोबर घरकामाची बाई हवी. मनगटाला एक घड्याळ बांधलं होतं, ते कुठे आहेत हे शिरीषला ऑफिसात दिसायचं. आणि नवीन कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घालून गळ्यात अडकवलं होतं, शाळेच्या सहलीला निघालेल्या पोराच्या गळ्यात असतं तसं.

तिसऱ्या वेळी कार्ड हरवलं नाही. खराब झालं.

शिरीषने ते टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "बहुतेक कपड्यांबरोबर मशीनमध्ये गेलं असेल, काकू. त्यांना काही सांगता येत नाहीये." त्याचा फोन वाजला आणि तो जिन्याकडे गेला. अक्का बँकेत गेली होती. दुकानात मी आणि नाना, दोघंच उरलो.

मी कार्ड उजेडात धरलं. मशीनमधून निघालेली कार्डं मी पुष्कळ पाहिली आहेत. ती वाकतात, कडेला पापुद्रे निघतात. हे कार्ड सरळसोट होतं. फक्त जिथे फोटो होता तिथे काही नव्हतं. चेहरा, नाव, सगळं घासून गेलेलं, आणि घासलेली जागा इतकी एकसारखी, इतकी मऊ, की मी त्यावरून बोट फिरवतच राहिले.

"नाना, हे मशीनमध्ये झालेलं नाही."

"न्हाई."

"कशानं केलंत?"

"पॉलिश पेपरनं. आधी जाड, मग बारीक." जरा थांबून म्हणाले, "घाई झाली. न्हाईतर आणखी साफ आलं असतं."

मला राग यायला हवा होता. सरकारी कार्ड मुद्दाम खराब करणं हा इथे गुन्हा आहे, आणि मी तसं त्यांना सुनावलंही. पण ते खाली मान घालून बसले होते, आणि त्यांच्या हातावर अजून पांढरी भुकटी होती की मला तसं वाटलं, कोण जाणे. मी विचारलं, का केलंत?

तेव्हा त्यांनी सांगितलं. पहिली दोन्ही कार्डं हरवली नव्हती. एक त्यांनी स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या नळीत टाकलं होतं, तिथून ते सरळ तळमजल्याला जातं. दुसरं बागेतल्या कालव्यात. त्यांची समजूत अशी होती की कार्ड नसलेल्या माणसाला हे सरकार ठेवून घेत नाही, विमानात बसवून देतं. तसं त्यांनी बागेतल्या बाकावर कोणाकडून तरी ऐकलं होतं. दुसऱ्या वेळी तर त्यांनी मनाशी सामानसुद्धा बांधलं होतं.

"दोन्ही डाव तुम्ही नवीन करून दिलंत, ताई," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. झालेली गोष्ट सांगावी तसं म्हणाले.

बिशानच्या घरात त्यांना काय कमी होतं? काही नाही. एवढंच की हाताला काम नव्हतं. आल्या आल्या त्यांनी मिरजेहून बरोबर आणलेली एक घोडी घासायला घेतली होती. एसीच्या बंद खोलीत हाडाची भुकटी उडाली, इराला शिंका सुरू झाल्या. कोणी एक शब्द बोललं नाही. दुसऱ्या दिवशी शिरीषने हवा शुद्ध करायचं महागाचं यंत्र आणून त्यांच्या खोलीत ठेवलं, आणि म्हणाला, नाना, आता खुशाल करा. नानांनी कानस गुंडाळून ठेवली ती ठेवलीच. मिरजेला पुतण्या कारखाना चालवत होता. तिथे कोपऱ्यात बसायचं, पोरांनी घासलेल्या घोड्या तपासायच्या आणि चुकलं तर शिव्या द्यायच्या, एवढंच त्यांना हवं होतं.

"मग शिरीषला सरळ सांगा ना," मी म्हटलं.

"काय सांगू? माझ्यासाठी त्यानं किती उंबरे झिजवले ते तुम्ही बघितलंय. मंजूर झालं तेव्हा पेढे वाटले पोरानं. त्याला मी तोंडानं म्हणू, मला तुझ्या घरात न्हाई राहायचं?" त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "सरकारनं घालवलं तर त्याच्यावर बोल न्हाई आणि माझ्यावर बी न्हाई."

आपल्याकडे बाप आणि मुलगा एकमेकांसाठी जीव टाकतील, पण समोरासमोर बसून मनातलं बोलायची वेळ आली की दोघांनाही पेपर वाचायचा असतो. माझ्या माहेरीही तेच होतं.

मी त्यांना खरं काय ते समजावलं. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावत होते तसंच. कार्ड म्हणजे नुसतं प्लास्टिक. ते गेलं तरी राहण्याची परवानगी जात नाही, नवीन कार्ड मिळतं एवढंच. परवानगी जाते ती वेगळ्याच गोष्टीने. देशाबाहेर जाऊन परत येण्याचा एक परवाना असतो, री-एन्ट्री परमिट म्हणतात, त्याला मुदत असते. माणूस बाहेर असताना ती मुदत संपली आणि त्याने वेळेत वाढवून घेतली नाही, तर सगळं संपलं. आता नियम जरा सैल झालेत म्हणतात, मी त्या वेळचं सांगते.

नानांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "माझी कधी संपती?"

कागद समोरच होता. मी सांगितलं, पुढच्या वर्षी, गणपतीच्या थोडं आधी.

त्यांनी मान हलवली. शिरीषला कार्डाचं काही सांगणार नाही, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं, आणि पुन्हा कार्डाला हात लावणार नाही, असं मी त्यांच्याकडून. तेवढ्यात शिरीष आत आला. कार्ड खराब कसं झालं ते लिहून द्यायचं होतं. मी त्याला म्हटलं, तुला जे माहीत आहे ते तूच लिही. त्याने लिहिलं की वडिलांना विस्मरणाचा त्रास आहे, त्यांच्याकडून नजरचुकीने झालं. नानांना ते वाचून दाखवलं आणि मराठीत समजावून सांगितलं. आपण विसराळू आहोत या मजकुराखाली नानांनी सही केली, पूर्ण नाव, लपेटदार. अक्षर कुठेही हललं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात पुतण्याने कारखान्यासाठी नवीन जागा घेतली. वास्तुशांतीला नानांना नेऊन पोचवायला शिरीष स्वतः गेला. दोन आठवड्यांनी आणायला येतो म्हणाला. दोन आठवड्यांनी नानांची कंबर धरली. मग डॉक्टरांनी प्रवास नको सांगितलं. मग पावसात कशाला, म्हणून राहिले. हे मला काहीच माहीत नव्हतं. दुकानात शिरीष आला तो एकदम गणपती उठल्यावर. तिकीट काढायला बसला असताना त्याला परमिटची तारीख दिसली होती. काही करता येईल का काकू, कुणाला भेटू, कुठे पत्र देऊ, एकच धोशा. मी त्याला सांगितलं की विनंतीचा अर्ज करता येतो, पण भरवसा देता येत नाही.

तिथूनच त्याने मिरजेला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला, म्हणजे मी नानांना समजावून सांगेन. मी सांगितलं. माझा आवाज माझाच मला परका वाटत होता. पलीकडे कानस चालल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"असं हाय होय," नाना म्हणाले. "नियमच हाय म्हटल्यावर आपण काय करणार?"

"नाना, माझं चुकलं," शिरीष म्हणाला. "तारीख मी बघायला पाहिजे होती. माझ्यामुळे झालं."

मला वाटलं, आता सांगतील. आता तरी सांगा, असं मी मनात म्हणत होते.

"असू दे," नाना म्हणाले. "जिवाला लावून घेऊ नको."

शिरीषने अर्ज केला, तो नामंजूर झाला. पाहुणे म्हणून यायला नानांना कोणी अडवलं नव्हतं, पण दर वेळी कंबर आड यायची. शिरीष सहा महिन्यांनी जाऊन भेटून यायचा आणि आल्यावर एखादा कागद घेऊन माझ्याकडे डोकवायचा. नाना जाड झालेत म्हणायचा. कारखान्यात दिवसभर बसतात, पोरांना झापतात, हसतात. "मला बरं वाटावं म्हणून हसतात, काकू," असंही म्हणायचा. मी तोंड मिटून बसायचे. शब्द दिला होता, आणि ज्यांना दिला ते हयात होते.

गेल्या थंडीत नाना गेले, झोपेतच. शिरीषला विमान मिळून तो पोचेपर्यंत पुतण्याने सगळं उरकलं होतं.

त्यानंतर कित्येक महिन्यांनी, दुकान बंद व्हायला थोडे दिवस उरले असताना, शिरीष इराला घेऊन आला. ती पंधरा वर्षांची झाली होती. इथे त्या वयाला मुलांना स्वतःचं ओळखपत्र मिळतं, तिचं गुलाबी, त्यासाठी फोटो हवा होता. घरी काढलेला परत आला होता, कानावर केस. इरा बाहेर आरशासमोर पिना लावत बसली. शिरीष माझ्यासमोर बसला. केस पिकले होते त्याचे. काही विचारलं नसताना बोलायला लागला. म्हणाला, "मी ती एक तारीख बघितली असती ना काकू, तर नाना शेवटी माझ्याजवळ असते. माझ्या निष्काळजीपणाने त्यांना म्हातारपणी एकटं पाडलं मी."

दिलेला शब्द मोडावा की नाही, याचा विचार मी त्या थंडीपासून करत होते. बाप आपल्या चुकीने दूर राहिला, हे जास्त दुखतं की बापाला आपल्याकडे राहायचंच नव्हतं, हे? अजूनही मला सांगता येत नाही. पण त्या दिवशी त्याचा चेहरा बघून मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. कचऱ्याची नळी, कालवा, पॉलिश पेपर. विस्मरण कधी नव्हतंच. तारीख त्यांना तुझ्याआधी माहीत होती, मीच सांगितली होती.

तो माझ्यावर चिडेल असं वाटलं होतं. चिडला नाही.

"म्हणजे मी फोनवर माफी मागत होतो, तेव्हा त्यांना..."

"हो."

"त्यानंतर दर रविवारी मागायचो, काकू. फोन ठेवायच्या आधी. दर रविवारी ते म्हणायचे, असू दे." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग आतूनच म्हणाला, "एकदा म्हणायचं होतं त्यांनी. मला जायचंय म्हणून. मी स्वतः नेऊन सोडलं असतं."

खरंच सोडलं असतं का? आधी आठवडाभर समजूत घातली असती, बायकोला मध्ये घातलं असतं, इराला पुढे केलं असतं. पण शेवटी सोडलं असतं, असं मला वाटतं. नानांना ते माहीत नव्हतं, आणि ते माहीत करून घ्यायला त्यांनी एकदाही तोंड उघडलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं. दोघांपैकी एकाचंच म्हणून नव्हे, दोघांचंही.

इरा आत आली आणि बापाकडे बघून दारातच थबकली. मी तिला स्टुलावर बसवलं, खांदे सरळ केले, केस कानामागे घेतले. इथे बघ, हसायचं नाही, हलायचं नाही. मी कॅमेऱ्याला डोळा लावला, तेव्हा शिरीष उठून माझ्या मागे येऊन उभा राहिला.

"इरा," तो म्हणाला, "तुला कधी आमच्यापासून लांब जावंसं वाटलं ना, कुठेही, तर मला सांग. मला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नकोस."

"ओके, पा," ती ओठ न हलवता म्हणाली. नजर कॅमेऱ्यावर होती.

मी कॅमेरा खाली ठेवला. "आता हललीस तरी चालेल," मी तिला म्हटलं. "बाबांकडे बघून उत्तर दे."

तिने मान वळवली. बापाकडे जरा वेळ बघितलं, आणि काय समजली कोण जाणे, मराठीत म्हणाली, "सांगेन."